अस्वलाचा उजवा पंजा

तर झालं असं, की संग्रहालयाच्या साहेबांना एक दिवस दोन रंग सुचले आणि तेव्हापासून तिथे कुणाच्याच डोक्याला शांतता म्हणून राहिली नाही.

संग्रहालय म्हणजे ते पेंढा भरलेल्या प्राण्यांचं. कोल्हे, घुबडं, कपाटभर फुलपाखरं, आणि दारातून आत शिरल्या शिरल्या समोर दोन पायांवर उभं असलेलं काळंकुट्ट अस्वल. साहेब तिथले नवे संचालक. वय तेहतीस, प्राणिशास्त्रातले डॉक्टर, आणि उत्साह असा की जिना चढताना एक पायरी गाळल्याशिवाय चालवतच नाही. त्यांनी फर्मान काढलं की आता दालनं दोनच. ज्या वस्तूत कधीतरी जीव होता ती जैविक, तिला हिरवी टिकली. आणि जी माणसानं एखाद्या जीवाकडे बघून बनवली, म्हणजे बेडकाचे पाय बघून पोहायच्या चपला, किंवा कपड्यांना चिकटणारं गोखरू बघून बुटाची ती चर्रर्र करून उघडणारी पट्टी, ती जैवप्रेरित. तिला पिवळी टिकली. तिसरा रंग नाही. तिसरा रंग म्हणजे आळस, असं साहेबांचं म्हणणं.

आता टिकल्या लावायच्या कुणी? तर एका मुलीला सहा महिन्यांच्या करारावर घेतलं, हातात दोन रिळं दिली, एक हिरवं, एक पिवळं, आणि चारशे बारा वस्तूंची वही दिली. आठवड्याभरात तिचं खरं नाव सगळे विसरले. पहारेकऱ्यापासून साहेबांपर्यंत सगळे तिला टिकलीच म्हणायला लागले.

ही टिकली म्हणजे मामांची भाची. मामा हे तिथले पेंढा भरणारे. चौतीस वर्षं नोकरी, मागच्या अंगणात स्वतःची खोली, खोलीला उग्र वास, आणि हात असा की मेलेला ससा त्यांच्या टेबलावरून उठला की पळेल असं वाटावं. टिकली त्यांच्याच घरी राहायची, मामीच्या हातचं जेवायची. नोकरीसाठी शब्द मामांनीच टाकला होता. म्हणजे उपकारांची यादी मोठी होती, लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

पहिले काही दिवस मजेत गेले. समुद्रातला स्पंज हिरवा, भांडी घासायचा स्पंज पिवळा, इतकं सोपं. मग आला मोती. शिंपल्यानं केला, पण आत मणी माणसानं ठेवला होता. मग आला दगड झालेला मासा. जीव होता, पण कोट्यवधी वर्षांपूर्वी, आता नुसता दगड. त्याच्यावरून साहेब आणि ग्रंथपालबाई दोन दिवस एकमेकांशी बोलत नव्हते. घुबड हिरवं, पण डोळे काचेचे. मग डोळे काढून पिवळ्या दालनात ठेवायचे का, असं टिकलीनं विचारलं तर साहेब खरंच विचारात पडले. कामगारांना तर खेळच मिळाला. हिशेबनिसांचा टोप हिरवा की पिवळा? केस तर माणसाचेच आहेत, पण त्यांचे नाहीत. पहारेकऱ्याची कवळी पिवळी, यावर मात्र एकमत झालं. आणि देणगीदार आले की साहेब जे हसतात ते हसू कुणीतरी पिवळ्यात टाकलं.

पण हिरव्या टिकलीला एक शेपूट होतं. हिरवी टिकली लागली की ती वस्तू एकवीस दिवस मोठ्या फ्रीजरमध्ये, उणे तीस अंशांवर. कारण कसर, ती बारीक कीड. लोकरीला लागते, पिसांना लागते, कातड्याला लागते, आणि एकदा लागली की कपाटच्या कपाट पोखरते. फ्रीजर सांभाळणाऱ्याला सगळे बर्फ्या म्हणायचे. बोलणं कमी, किल्ली कमरेला. टिकली बघणार, हिरवी असेल तर आत ढकलणार, एकविसाव्या दिवशी बाहेर काढणार. त्याच्यापुढे साहेबांचंही चालायचं नाही, कारण नियम साहेबांचाच होता.

आणि अस्वल? अस्वलाचं काय विचारता. अख्ख्या शहराचं लाडकं. त्याचा उजवा पंजा पुढे आलेला, आणि खाली पाटी: खऱ्या अस्वलाला हात लावा. गावात असं पोर नव्हतं ज्यानं तो पंजा धरला नाही. खुद्द साहेबांची गोष्ट तर सगळ्यांना पाठ होती, कारण ते ती प्रत्येक भाषणात सांगायचे, टिकलीच्या मुलाखतीतसुद्धा सांगितली होती. एकवीस वर्षांपूर्वी, सहावीत, शाळेची सहल आलेली. बाकीची पोरं ढकलाढकली करत होती. यांनी पंजा धरला. केस तळहाताला टोचले. आणि त्याच क्षणी यांना कळलं की आपण आयुष्यात काय करायचं. आई-वडिलांना दुकान चालवायला मुलगा हवा होता, हा निघाला प्राण्यांच्या मागे. पंजापाशी आले की साहेबांचा आवाज दर वेळी बसायचा. दर वेळी. ठरवून नाही हो, खराच बसायचा.

तर अशा अस्वलाला टिकली लावायची म्हणजे नुसता उपचार. म्हणून ते शेवटी ठेवलेलं. नव्या दालनांचं उद्घाटन तेवीस दिवसांवर आलं होतं आणि त्याच दिवशी मामांची निवृत्ती. साहेबांनी आधीच जाहीर केलं होतं की त्या दिवशी अस्वलाखाली पितळी पाटी बसवणार: या अस्वलाचं जतन अमुक अमुक यांनी केलं. मामांचं नाव, कोरलेलं. चौतीस वर्षांत मामांचं नाव पगाराच्या कागदाशिवाय कुठेही छापलं नव्हतं. घरी ते दाखवायचे नाहीत, पण पाटीचं माप विचारून आले होते, आणि मामीला सांगताना दोन्ही हातांनी हवेत चौकोन काढून दाखवला होता.

टिकली शिडी घेऊन गेली. केसाची वस्तू असेल तर एक केस उपटून जाळून बघायचा, हा नियम. खरा केस चर्रकन जळतो, घाण वास येतो, बोटात चुरला की राख होते. नायलॉन वितळतं आणि टोकाला काळा मणी होतो. ही युक्ती तिला शिकवली कुणी, तर मामांनीच. तिनं पाटीच्या वरच्या त्या प्रसिद्ध पंजाचा एक केस घेतला, चिमट्यात धरला, काडी ओढली.

मणी झाला.

तिला वाटलं, पहारेकऱ्याच्या ब्रशचा केस चिकटला असेल. दुसरा घेतला. मणी. तिसरा. मणी. मग तिनं शिडी सरकवली आणि अस्वलाच्या डाव्या बगलेत बॅटरी मारली, कारण बगलेत कोण बघतं? तिथे केस आखूड होते, राठ होते, आणि ते बाजूला केल्यावर खाली विणीत, काळ्या रंगाच्या आडून, एक अक्षर दिसलं. 'स्वा'. त्याच्या पुढे शिवण होती. शिवणीच्या पलीकडे 'गत'.

म्हणजे कळलं ना? पायपुसणं. अख्ख्या शहराच्या लाडक्या अस्वलाच्या बगलेत दारातलं पायपुसणं होतं.

टिकली शिडीवरच बसली. कारण हे अस्वल कुणाच्या हाताखालून गेलेलं, ते सांगायला ज्योतिषी नको. आणि मग तिला पुढचं दिसलं. पिवळी टिकली लावली की सगळ्या जगाला कळणार की मामांनी इतकी वर्षं गावाला मामा बनवलं. पाटी गेली, नाव गेलं, निवृत्तीच्या दिवशी हारांऐवजी चौकशी. बरं, मग लाव हिरवी आणि गप्प बस. पण हिरवी लावली की बर्फ्या येणार, अस्वल ढकलत नेणार, आणि शिवणीतून डोकावणारा तो रबराचा गोंद उणे तीस अंशांवर काचेसारखा तडकतो हे तिला मामांनीच शिकवलेलं. एकविसाव्या दिवशी दार उघडलं की बाहेर येणार सांगाडा, काही ब्रश आणि डझनभर पायपुसणी. इकडे आड तिकडे विहीर म्हणतात ना, तर इथे आडही मामांनी खणलेला आणि विहीरही.

दोन दिवस तिनं काहीच केलं नाही. ताप आलाय म्हणाली, मग रीळ संपलंय म्हणाली. साहेब रोज येऊन विचारायचे, आमच्या अस्वलाला टिकली लागली का, आणि ती म्हणायची, उद्या. तिसऱ्या दिवशी जेवताना मात्र तिच्याच्यानं राहवेना. मामी वाढत होती, मामा खाली मान घालून जेवत होते. तिनं विचारलं, मामा, बगलेत 'स्वागत' का लिहिलंय?

मामांचा घास हातातच राहिला. मामीनं पातेलं खाली ठेवलं. आणि मग मामांनी अशी गोष्ट सांगितली की त्यात त्यांचा सगळ्यात मोठा दोष होता तो चांगुलपणा. तेवीस वर्षांपूर्वी त्यांना कावीळ झाली. चाळीस दिवस अंथरूण. रजेवर जाण्याआधी त्यांना काळजी की अस्वलावर धूळ बसेल. म्हणून त्यांनी स्वतःच्या हातानं सभागृहातला जुना लोकरीचा पडदा काढून अस्वलाला नीट गुंडाळलं, वर दोरी बांधली, गाठसुद्धा दोनदा मारली. पडद्याला कसर होती. चाळीस दिवसांनी पडदा ओढला तर पडद्याबरोबर अस्वल खाली आलं. मुठीमुठीनं. अशी चूक दुसऱ्या कुणाकडून होणंच शक्य नव्हतं, कारण दुसऱ्या कुणाला अस्वलाची एवढी काळजीच नव्हती.

तेव्हाचे संचालक कडक. नोकरी गेली असती. मामांनी दाराला 'दुरुस्ती चालू' लिहिलं, आतून कडी लावली आणि अडीच महिन्यांत नवं अस्वल उभं केलं. पायपुसणी, टोप विणायचे नायलॉनचे केस, पंजासाठी बाटल्या धुवायचे काळे ब्रश. कुणाला कळलं नाही. उलट लोक म्हणाले, दुरुस्तीनंतर तब्येत सुधारली.

“झाकली मूठ सव्वा लाखाची,” मामा म्हणाले. “तू हिरवी लाव. फ्रीजरचं मी बघतो.”

टिकली म्हणाली की बर्फ्याचं कुणीच बघू शकत नाही. आणि मी पंजाचे केस जाळले मामा, तीन वेळा, मणी झाला, वहीत मी खोटं कसं लिहू. तिच्या करारात एकच अट होती, वहीत खोटी नोंद सापडली तर त्याच दिवशी घरी. मामांचा आवाज चढला. खाल्ल्या घरचे वासे मोजतेस, म्हणाले. मोजणं हीच तिची नोकरी होती.

आणि इथे, ऐका, इथे मामी बोलली. मामी म्हणजे अशी बाई की घरात दोन माणसं भांडत असली की ती तिसऱ्या खोलीत जाऊन काहीतरी निवडत बसते. ती पदराला हात पुसत म्हणाली,

“पिवळी लाव.”

मामा तिच्याकडे बघतच राहिले.

“अहो, बघता काय? पाठ कुणी शिवली? पोट कुणी शिवलं? तुम्हाला टाका घालता येतो का? रोज संध्याकाळी मागच्या दारानं आत यायची मी, दाभण घेऊन. बोटांतून रक्त यायचं. आणि तेवीस वर्षं लोक माझ्यासमोर म्हणतात, काय अस्वल आहे, आणि मी म्हणते, हो ना.”

मामा पुटपुटले की झाकली मूठ वगैरे. मामी म्हणाली, मूठ नाही हो, पंजा आहे तो, आणि उघडाच आहे. मग ती आत गेली आणि भांड्यांचा असा आवाज सुरू झाला की बोलणं पुढे सरकलंच नाही.

टिकलीला त्या रात्री एक गोष्ट कळली, जी तिला शिडीवर कळली नव्हती. ती समजत होती की प्रश्न मामांच्या नावाचा आहे. होताच तो. पण त्या पितळी पाटीवर एकाचं नाव चढणार म्हणजे दुसरीचं कायमचं पुसलं जाणार होतं, आणि ती दुसरी रोज सकाळी तिचा डबा भरत होती.

सकाळी मामी डब्याबरोबर स्वतःही निघाली. चांगली साडी, पिशवीत दाभण. मामांनी विचारलं कुठे, तर म्हणाली, हात लावायला. पाटीवर लिहिलंय ना, हात लावा. वाटेत मामा चार पावलं पुढे, मामी चार पावलं मागे, आणि मध्ये टिकली, दोन रिळं खिशात.

साहेब अस्वलापाशीच उभे होते. बर्फ्या चाकाची गाडी घेऊन हजर. उद्घाटनाला एकोणीस दिवस उरले होते आणि फ्रीजरला एकवीस लागतात, हे गणित साहेबांना आदल्या रात्री कळलं होतं, त्यामुळे त्यांचा चेहरा आधीच उतरलेला. टिकलीनं तोंड उघडायच्या आत मामीनं नमस्कार केला, शिडीवर चढली, बगलेतले केस बाजूला केले आणि साहेबांना म्हणाली, वाचा.

साहेबांनी वाचलं. मग पुन्हा वाचलं. मग हसले, म्हणजे त्यांना वाटलं निवृत्तीची थट्टा चाललीय. मामीनं दाभण काढलं आणि शिवणीवर ठेवलं, आणि कुठल्या दुकानातून किती पायपुसणी आणली, कुठली आधी रंगवली, पाठीत एक टाका कुठे चुकला आणि तो कसा लपवला, सगळं सांगितलं. तो चुकलेला टाका खरंच तिथे होता. मामा भिंतीला टेकून उभे, पोराला वर्गाबाहेर काढल्यासारखे.

साहेब रागावतील असं सगळ्यांना वाटलं. रागावले असते तर बरं झालं असतं. ते कासवाच्या चौथऱ्यावर बसले. चष्मा काढला, पुसला, परत घातला. कावीळ, पडदा, कसर, सगळं ऐकून घेतलं. मग वर्षं मोजायला लागले, बोटांवर, लहान मुलासारखी. तेवीस वर्षांपूर्वी बनवलं. मी आलो एकवीस वर्षांपूर्वी. बोटं थांबली.

आता बघा, तिथे चार माणसं उभी होती आणि चौघांनाही एकदमच कळलं. हा माणूस प्राण्यांच्या प्रेमात पडला, घरदार दुखावून शिकला, डॉक्टर झाला, संचालक झाला, ते सगळं बाटल्या धुवायच्या ब्रशला हात लावून. उभ्या संग्रहालयात खरी जैवप्रेरित वस्तू कुठली असेल तर ती कासवाच्या चौथऱ्यावर बसली होती. फक्त प्रेरणेतला जीव तेवढा नायलॉनचा निघाला. बर्फ्याला आदल्या आठवड्यात हे कळलं असतं तर तो आठ दिवस हसला असता. पण त्यानंही मान खाली घातली.

साहेबांनी पंजाकडे बघितलं, मामीकडे बघितलं आणि हळूच विचारलं,

“हा पण?”

मामी खरं बोलायलाच आली होती. तिनं तोंड उघडलंसुद्धा. पण भिंतीपासून मामा पुढे आले.

“पंजा नाही साहेब. तेवढा वाचला होता.”

मामीनं तोंड मिटलं.

मामा म्हणाले की पडदा पंजापर्यंत पुरला नव्हता. पंजा बाहेर राहिला, म्हणून कसर तिथपर्यंत पोचली नाही. जुना पंजा तसाच नव्या अस्वलाला बसवला, पितळी तारेनं, तेवढ्यासाठीच वेगळा स्क्रू आहे, बघा. स्क्रू होता. सगळं इतकं सहज सांगितलं की टिकलीला क्षणभर वाटलं, आपणच काडी नीट धरली नसेल. चौतीस वर्षं मेलेल्या जनावरांना जिवंत दाखवणारा माणूस होता तो, त्याला एक पंजा जड नव्हता.

साहेबांनी मान वळवली. टिकलीकडे.

“तुम्ही तपासलाय ना पंजा? जाळून?”

आता हिचं काय झालं असेल, कल्पना करा. वहीत खोटी नोंद म्हणजे घरी. समोर तीन मणी अजून चिमटीत असल्यासारखे वाटतायत. एका बाजूला मामा, ज्यांनी पहिल्यांदाच स्वतःचं काही वाचवायला नाही तर दुसऱ्याचं वाचवायला थाप मारली होती. दुसऱ्या बाजूला मामी, जी पहाटे उठून खरं सांगायला आली होती आणि आता शिडीवर उभी राहून छताकडे बघत होती, जसं काही छताला कसर लागलीय का ते तिला तपासायचं होतं.

“हो साहेब,” टिकली म्हणाली. “तीन केस जाळले. जैविक.”

आणि तिनं पंजावर हिरवी टिकली लावली. मग शिडीवर चढून छातीवर पिवळी.

साहेब उठले. नाक शिंकरलं. पंजा दोन्ही हातांत धरून जरा वेळ उभे राहिले, आणि सगळ्यांना वाटलं चला, संपलं. तर साहेब म्हणाले, मग हा काढायला लागेल.

कशाला, मामांनी विचारलं.

हिरवा आहे, साहेब म्हणाले. एकवीस दिवस. नियम सगळ्यांना सारखा, आणि या पंजाच्या बाबतीत तर मी धोका पत्करणारच नाही, एवढाच उरलाय. त्यांचा आवाज बसलेला होता. बर्फ्यानं एवढी मोठी गाडी आणली होती, तिच्यावर मामांनी स्क्रू काढून तो पंजा ठेवला, आणि बर्फ्या ती दोन्ही हातांनी धरून ढकलत घेऊन गेला, जसं काही आत एखादा राजा झोपला होता. पंजाला गोंद नव्हता, तार होती, म्हणून मामांना चिंता नव्हती. तरी ते दारापर्यंत मागे गेले.

उरलेल्या अस्वलाचं काय, तर तिथे साहेबांचा उत्साह दुसऱ्या दिवशी परत आला. पिवळ्या दालनाची त्यांना फार लाज वाटायची, कारण तिथे पोहायच्या चपला आणि बुटाची पट्टी सोडून बघण्यासारखं काही नव्हतं. आता अख्खं अस्वल मिळालं. मामांची चौकशी झाली, एक कागद झाला, कागदावर सौम्य शब्दांत कडक काहीतरी लिहिलं, निवृत्तीला तीन आठवडे राहिलेल्या माणसाला यापुढे असं करू नये अशी ताकीद मिळाली. मामांनी ती सही करून घेतली आणि यापुढे करणार नाही असं लिहून दिलं.

पाटी मात्र आधीच कोरून आलेली. 'जतन' हा शब्द मोठ्या अक्षरात. साहेबांनी विचारलं आता काय करू या, नवी करायला वेळ नाही. मामांनी पाटी हातात घेऊन उलटी केली. मग म्हणाले, मागची बाजू कोरी आहे. आणि कारागीर विचारायला लागला की नावं कुठल्या क्रमानं, तेव्हा म्हणाले, तिचं वर घ्या. घरी येऊन हे मामीला सांगितलं नाही. मामीला ते उद्घाटनाच्या दिवशी समजलं, चारशे माणसांसमोर, आणि ती काय म्हणाली माहितीये? म्हणाली, माझ्या नावातली वेलांटी जरा आखूड झालीय. मग दिवसभर तिथून हलली नाही. जो येईल त्याला पाठीतला तो चुकलेला टाका दाखवत होती, जो तिनं तेवीस वर्षं लपवला होता.

अस्वल त्या दिवशी थोटं उभं होतं. मनगटाच्या जागी गोल लाकूड, आणि त्याला दोऱ्यानं बांधलेलं कार्ड: मूळ पंजा फ्रीजरमध्ये आहे, परवा मिळेल. साहेबांनी भाषणात तीच जुनी गोष्ट सांगितली, फक्त थोडी वाढवून. आता तिच्यात कसर आली, कावीळ आली, पडद्याबाहेर राहिलेला एकटा पंजा आला. लोकांच्या डोळ्यांत पाणी. पहिल्या रांगेत मामा बसले होते, तेही डोळे पुसत होते. खरंच पुसत होते की नाही, हे हिरव्यात टाकायचं की पिवळ्यात, ते टिकलीला ठरवता आलं नाही.

दोन दिवसांनी बर्फ्यानं दार उघडलं. साहेब सकाळी सातपासून बाहेर उभे. पंजा बाहेर आला, पांढराशुभ्र, सगळ्या केसांवर बर्फाची भुकटी. साहेबांनी ती फुंकर घालून उडवली आणि तळहात ठेवला. केस टोचले असावेत, कारण ते सहावीतल्या पोरासारखे हसले. अगदी तसाच आहे, म्हणाले. इतक्या थंडीतही काही बदललं नाही.

टिकली वही घेऊन शेजारी उभी होती. वस्तू क्रमांक चारशे बारा, अ. रकाना पहिला, प्रकार: जैविक. हे खोटं तिच्या अक्षरात होतं आणि कायमचं होतं, तिची नोकरी होती तोवर ते तिथे राहणार होतं आणि नंतरही. शेवटच्या रकान्यात निरीक्षण लिहायचं होतं. साहेब वाट बघत होते. तिनं पेन उघडलं आणि लिहिलं: पंजा सर्व बाजूंनी तपासला. कसर किंवा तिची अंडी आढळली नाहीत. यापुढेही लागण्याची शक्यता नाही.

साहेबांनी सही केली, आणि या शेवटच्या वाक्याची तिला एवढी खात्री कशी, असं कौतुकानं विचारलं.